मधली धार

सावरघाट, १४ नोव्हेंबर २०२३

इस्तारी भाऊ,

तू फोन उचलत नाई म्हणून लिहून राह्यली. ही चिठ्ठी कोलूजवळ देते. तो बकऱ्या घेऊन पुलावरून तुमच्या कोत्तरेवूच्या बाजाराले जाते. तुह्या हातातच देईन म्हणला. अंगणवाडीच्या कामात मले पुस्तकी मराठी लिहावं लागते, पण तुले लिहायले बसली तर ते येतच नाई. बोलते तसंच उतरते. तू तिकडं तेलुगूत संसार केला, तरी सातवीपर्यंत आपल्याच शाळेत होता. वाचशीन.

मधल्या बेटाच्या अलीकडं तुमच्या पोरायनं बांबू रोवले अन् त्याले लाल कपडे बांधले. याच्या पलीकडं सावरघाटचं जाळं दिसलं तर तोडू, असं ओरडून सांगतलं. माहा निकेश तवा डोंग्यात होता. त्यायच्यातला एक त्याले म्हणला, "मामाच्या भरवशावर राहू नको." घरी आला तवा निकेश हसून सांगत होता. त्याचे बाबा हसले नाई.

तू तिकडच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. हे तुह्या सांगण्यावरून झालं की तुले न विचारता झालं, ते मी विचारत नाई. मी एवढंच म्हणते की मंडळाची बैठक बोलाव. कोरोनापासून एक बैठक झाली नाई.

तुमच्या नव्या पोरायले मंडळ काय होतं ते ठाऊक नसंन. त्यायले वाचून दाखव.

आपण लहान होतो तवा प्राणहिता नदीच्या दोन थडीचं एकमेकायशी पटत नव्हतं. रात्री जाळे कापायचे. तिकडच्या पोचू काकाच्या भावाचं डोकं वल्ह्यानं फुटलं होतं अन् ते वल्हं आपल्याच गावचं होतं. मग शहाऐंशीचा पूर आला. कोत्तरेवू सखल, पाणी घरात घुसलं अन् पळायले टेकडी लांब. आपल्या बाबानं डोंगा सोडला. आई म्हणे, "त्यायच्यासाठी काऊन मरता?" बाबानं दिवसभर माणसं आणून आणून आपल्या शाळेत टाकली. पोचू काका सगळ्यात शेवटी आला. पाणी उतरलं तवा आपलं धान सडलेलं होतं, अन् त्या साली तुमच्या थडीनं आम्हाले तांदूळ घातला.

त्यानंतर सुकलू अन् पोचू, आपला बाप अन् तुहा सासरा, बेटावर जाऊन बसले. मासोळीच्या पोटात अंडी असतात त्या दिवसात दोन्हीकडून जाळं बंद. पूर्ण धार अडवणारं जाळं कोणीच नाई टाकायचं. नावाडी एक अन् त्याले दोन्ही गावं मिळून धान देतीन. भांडण झालं तर बेटावर मिटवायचं, ठाण्यात नाई जायचं. मग आजूबाजूची गावंही आली, सहा झाली. कागद नव्हता, शिक्का नव्हता. दोन सरकारायच्या मधात आपलं एक मंडळ होतं अन् कोणत्याच सरकारले ते ठाऊक नव्हतं.

अन् पोचू काकाले पोरीच होत्या म्हणून त्यानं बाबाले पोरगा मागतला. बाबानं तुले दिलं. तुले घरजावई केलं तवा बाबा म्हणले होते, आता हे मंडळ तुटणार नाई, माहा पोरगाच तिकडं आहे.

वहिनीचा निरोप आला की रोशनीच्या अन् निकेशच्या लग्नाचं एवढ्यात नको. मामाच्या पोरीचा हक्क म्हणून मी मागत नाई. दोघं एकमेकायले लहानपणापासून ओळखतात, निकेशनं दुसरी पाहिली नाई, एवढंच आहे. पण ते मागून बोलू. आधी बांबू काढ.

तुही,
गोकुळा


सावरघाट, ६ फेब्रुवारी २०२४

इस्तारी भाऊ,

बैठक बोलावली त्यासाठी तुहे उपकार. तू मधातून उठून गेला, पुढं काय झालं ते तुले कोणी सांगतलं की नाई ठाऊक नाई. म्हणून लिहिते.

तुमच्या त्या राजदीपनं सुरुवात केली तवाच मले वाटलं की आज जमत नाई. म्हणला, "आमचं सरकार मत्स्यबीज सोडते. मोठं झालं की तुम्ही धरता. आमच्या पैशाचे मासे तुमच्या बाजारात." खोटं नव्हतं ते. निकेशच्या बाबानं तवा चूप राहायले पाहिजे होतं. ते म्हणले, "मग मासोळीले शिकवा, हद्द वलांडू नको म्हणा." तुमचे पोरं उभे राह्यले, आमचेही उभे राह्यले. बाबाच्या वेळेस बेटावर कोणी उभं राहून बोलत नव्हतं. तो नेमच होता.

पण आमचंही ऐक. तुमच्या सोसायटीले इंजिनच्या बोटी भेटल्या, आम्ही अजून वल्हं मारतो. तुमचं बंदीचं पत्रक एका महिन्याचं, आमचं दुसऱ्या महिन्याचं. तुमची बंदी असते तवा आमचे लोक धरतात, आमची असते तवा तुमचे. दोघंही कायद्यानं बरोबर अन् मासोळीले सुट्टीच नाई. आधी दोन्ही थडीले एकच दिवस होते, कारण ते मासोळीचे दिवस होते. कोरोनात पोलिसानं नाव बंद केली, तवा आपण म्हणलं, रोग जाऊ दे. रोग गेला, नाव बंदच राह्यली. पूल झाला म्हणून नावेची गरज नाई, असं सांगतात. पुलावरून तुह्या घरी यायले अर्धा दिवस जाते. मधात तुमचा धानाचा नाका, पोत्यात काय आहे म्हणून माही पिशवीसुद्धा पाहतात.

तू गेल्यावर निकेश बोलला. त्यानं सांगतलं की दोन्ही सोसायट्यायनं मिळून मासे धरायचं एक कार्ड काढू, बीज सोडायचा खर्च दोघायनं करू अन् बंदीचे दिवस दोघायनं मिळून सरकारले लिहून देऊ. शांतपणे बोलला. तुमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. राजदीप म्हणला, "तुले आमच्यात यायची एवढी घाई काऊन आहे ते ठाऊक आहे आम्हाले." सगळे हसले. मग निकेश खाली बसला.

तू उठतानी जे बोलला ते मले लागलं. "नातं घरी. नदीवर कायदा." भाऊ, आपलं नातं नदीवरच झालं होतं ना?

तुही अडचण मले दिसत नाई असं नको समजू. तू तिकडं तीस वर्षं राह्यला तरी भांडण निघालं की तुले सावरघाटचा म्हणतात. राजदीप तुह्याकडं पाहून बोलत होता, आमच्याकडं नाई. तू काय करतं ते तो पाहत होता. मले भेव वाटते की त्यायचा आहे हे दाखवासाठी तू त्यायच्याहून जास्त त्यायचा होशीन.

निकेशचं आता चांगलं चालू आहे. ट्रॅक्टरवर जाते. नदीवर फारसा जात नाई. वहिनीले सांग.

गोकुळा


सावरघाट, ९ सप्टेंबर २०२४

काय म्हणून सुरुवात करू ते समजत नाई, म्हणून नुसतं लिहिते.

तू त्या थडीवर उभा होता. पांढरा दुपट्टा डोक्याले बांधून घाटाच्या पायरीवर. मले दिसलं. दोन दिवस तू तिथीच होता अन् दोन दिवस मी इथी होती. मधात निकेश होता.

तुम्ही त्याचं जाळं नेलं. त्याच्या बाबानं जंगलाच्या मजुरीवर जाऊन नवं घेतलं होतं. बांबूच्या पलीकडं वाहून गेलं असंन नाई तर त्यानंच टाकलं असंन, मी भांडत नाई. तो म्हणला, "मामाजवळ मागून आणतो." बाबा म्हणले, "दहा जण मिळून जाऊ." तो म्हणला, "दहा जण गेलो तर भांडण दिसते, एकटा गेलो तर भाचा दिसतो." भरल्या उन्हात गेला. हातात काई नव्हतं. घाटापासून लांबूनच हाका मारत गेला, मामा, मामा म्हणून. इकडं आम्हाले ऐकू येत होतं.

मग इंजिनच्या बोटी निघाल्या. त्या त्याच्याभोवती फिरल्या. धरणाच्या पाण्यानं नदी फुगलेली, पहिल्यासारखी उथळ कुठी राह्यली. लाटेनं डोंगा उलटला. त्याले पोहता येत होतं, तूच शिकवलं होतं. पण खाली तुमचंच जाळं लावलेलं होतं.

पाणी उतरलं तवा तो बेटाच्या टोकाले लागलेला दिसला. आम्ही डोंगा काढला तर इकडच्या पोलिसानं अडवलं. म्हणले, "हात नका लावू, पंचनामा व्हायचा आहे." मी म्हणली, "मग करा." त्यायनं मोबाइल काढून नकाशा पाह्यला. म्हणले, "बेट तिकडच्या हद्दीत दाखवते." तिकडचे पोलीस तुह्याजवळ उभे होते. त्यायनंही मोबाइल पाह्यला असंन, कारण तेही हलले नाई. फोनवर एकमेकायशी बोलले. इकडचा साहेब मले समजावून सांगे, "बाई, नदीची खोल धार जिथून जाते तिथून हद्द धरतात." मी म्हणली, "साहेब, धार तर दर पुराले जागा बदलते." तो म्हणला, "म्हणूनच तर वरून विचारून राह्यलो."

वरून उत्तर येईपर्यंत कावळे आले. मी इथून दगड मारत होती, तिथपर्यंत पोचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाया म्हणल्या, चला. सोमारी होती, दीपाली होती, माह्या अंगणवाडीतल्या लेकरायच्या माया होत्या. आम्ही पोलिसायच्या समोरून डोंगे लोटले. बायायले धरायले त्यायच्याजवळ बाई शिपाई नव्हती, म्हणून उभे राह्यले. बेटावर पोचलो तर तुमच्या थडीवरूनही एक डोंगा आला. त्यात तुमच्या गावच्या दोन म्हाताऱ्या होत्या अन् एक तरणी पोरगी. त्यायनं पाय धरले, आम्ही खांदे धरले. मी त्याचं तोंड पदरानं झाकलं, कारण पाहण्यासारखं राह्यलं नव्हतं.

आग इकडं दिली.

वहिनीले सांग, पोरगी सुखरूप आहे. शोधायले माणसं पाठवू नको.


सावरघाट, २० जानेवारी २०२५

इस्तारी,

रोशनी माह्याजवळ आहे हे तुले आता पक्कं ठाऊक आहे, म्हणून लपवत नाई. त्या दिवशी बेटावरून म्हाताऱ्या माघारी गेल्या अन् ही आमच्या डोंग्यात बसली. मी तिले ये म्हणली नाई, जा म्हणली नाई. सकाळी माह्यासोबत अंगणवाडीत येते, लेकरायचा भात शिजवते. निकेशचे बाबा पहिले तिच्या हातचं जेवत नव्हते. आता जेवतात, पण बोलत नाई. ते कोणाशीच बोलत नाई.

निकेश अजून सरकारात मेला नाई. मी दाखल्यासाठी गेली तर म्हणतात, जिथी मरण झालं तिथी नोंद होते, तुम्ही तिकडं जा. तिकडं गेली. अर्धा दिवस पुलावरून. तिथी म्हणतात, "प्रेत महाराष्ट्रात जाळलं, आमच्याकडं कागदच नाई." राशनच्या दुकानात अंगठा लावतो तवा त्याचं नाव अजून येते. वरून आम्हा बायायवर केस झाली, पंचनाम्याच्या आधी प्रेत हलवलं म्हणून. सोमारी म्हणते, "हलवलं नसतं तर अजून तिथीच असता."

तुमच्या सोसायटीनं लिहून दिलं की डोंगा वाऱ्यानं उलटला, तवा तिथी आमची बोट नव्हती. खाली तुही सही आहे. तुही सही मी ओळखते. तू लहानपणी माह्या पाटीवर करून दाखवायचा.

गावचे पोरं डिझेल जमा करून राह्यले होते, तुमच्या बोटी जाळायले. निकेशचे बाबा त्यायच्यात बसायचे. मी डबे उचलून अंगणवाडीत ठेवले अन् कुलूप लावलं. चाबी मागायले आले तवा मी म्हणली, "बोट जळाली तर तिच्यातला पोरगाही जळंन. त्याची मायही बेटावर येईन अन् मी तिच्यासोबत उचलायले जाईन. एकदा उचललं, पुन्हा नाई उचलणार." तवा गेले. किती दिवस ऐकतीन ते सांगता येत नाई.

आता ज्यासाठी लिहिते ते सांगते.

रोशनी त्या दिवशी घाटावर भांडे घासत होती. तिनं मले पहिले काई सांगतलं नाई. दिवाळीनंतर एकदा भात उतू गेला अन् ती तशीच उभी राह्यली, चुलीकडं पाहत. मी विचारलं, काय झालं बाई? तवा तिनं सांगतलं. बोटी निघाल्या तवा तू पायरीवर होता. पोरायनं तुह्याकडं पाह्यलं. तू हात फिरवून म्हणला, "चुट्टूमुट्टंडी." घेरा.

मले तेलुगू येते. तरी मी तिले तीनदा विचारलं की तू "आपंडी" तर नाई ऐकलं, थांबवा असं तर नाई म्हणले? ती म्हणली, "आत्या, मी माह्या बापाचा आवाज ओळखते."

आमच्या केसमध्ये वकिलानं तिचं नाव दिलं आहे. येत्या सोमवारी तिचं बयान आहे. मी तिले सांग म्हणली नाई, नको सांगू असंही म्हणली नाई. ती सांगणार आहे. पोरीनं बापाच्या विरुद्ध उभं राहणं काय असते ते मले पाहायचं नाई. जेवण तिले आताच जात नाई. बोलल्यावर ती तुमच्या थडीले कधीच जाऊ शकणार नाई अन् न बोलता ती माह्या घरात राहू शकत नाई.

सोमवारच्या आधी तू काई करू शकतं तर कर.

गोकुळा


कोत्तरेवू, २४ जानेवारी २०२५

गोकुळा,

मराठी लिहून खूप वर्षं झाले. चुकलं तर समजून घे.

रोशनी खरं सांगते. मी म्हणलो घेरा. माह्या मनात होतं की त्याले घाटावर आणतीन, मी सगळ्यायसमोर दोन थापडा मारीन अन् जाळं देऊन पाठवून देईन. म्हणजे इकडचे म्हणतीन, बरोबर केलं, भाचा असून सोडलं नाई. अन् निकेशही समजंन. तो समजदार होता. मी असं ठरवलं होतं. पोरायले मनातलं कसं ठाऊक राहीन. त्यायनं इंजिन जवळ घेतलं.

राजदीपनं ते लिहून आणलं तवा मी वाचलं अन् सही केली. कोणी जबरदस्ती केली नाई. सही नाई केली असती तर दोन पोरं जेलात जातीन अन् लोक म्हणतीन, शेवटी सावरघाटचाच निघाला.

एक गोष्ट कोणी विचारली नाई. तू पण नाई. डोंगा उलटला तवा मी पाण्यात काऊन नाई उतरलो. मी पोहतो. लांब नव्हतं. मी पाय पाण्यात टाकला अन् मागं पाह्यलं. मागं गाव उभं होतं. मी पाय काढून घेतला.

रोशनीले म्हण, तिनं कुठी जाऊ नये. मी जातो.

इस्तारी


सावरघाट, २७ एप्रिल २०२५

भाऊ,

जेलात चिठ्ठी पोचते असं वकिलानं सांगतलं, पण आधी उघडून वाचतात म्हणे. मराठी वाचणारा त्यायच्याजवळ असंन तर वाचू दे.

तू तिकडच्या ठाण्यात गेला तवा त्यायनं तुले दोनदा माघारी पाठवलं असं ऐकलं. अध्यक्ष आहे, वय झालं, भानगडीत काऊन पडता म्हणले. तिसऱ्यांदा तू तिथी बाकड्यावर बसूनच राह्यला. हे वहिनीनं फोनवर रोशनीले सांगतलं. मायलेकी पहिल्यांदाच बोलल्या. तुह्या घरावर दगडं पडले, म्हणून वहिनी तिच्या बहिणीकडं मंचेरियालले गेली आहे. घराले कुलूप आहे. ते दोन पोरं धरल्या गेले अन् त्यातला एक राजदीपचा भाऊ आहे, हे तुले माहीतच असंन.

तुमच्या सोसायटीनं तुले काढून टाकलं. कागदावर तुह्या नावापुढं गाव लिहिलं आहे सावरघाट.

इकडं तुले कोणी चांगलं म्हणलं असंन असं समजू नको. निकेशच्या बाबाले मी तुही चिठ्ठी वाचून दाखवली. पाण्यातून पाय काढून घेतला, तिथपर्यंत आली तवा ते उठून बाहेर गेले. सांजेपर्यंत आले नाई. आल्यावर एकच म्हणले, "निदान लिहिलं." पोरं आता बोटी जाळायचं बोलत नाई. तुह्यामुळं की थकले म्हणून, ते सांगता येत नाई.

रोशनीले बयान द्यावं लागलं नाई. सोमवारी ती कोर्टात तयार होऊन गेली होती, वकील म्हणला गरज नाई, बापानंच सांगतलं. ती बाहेर आली अन् झाडाखाली बसली. मले वाटलं, रडंन. तिनं मले विचारलं, "आत्या, आधी माहं बयान झालं असतं तर बाबा वाचले असते का? मी लहान आहे, खोटं बोलते असं म्हणता आलं असतं त्यायले." तुह्याजवळ उत्तर असंन तर लिहून पाठव. ती येत्या जूनपासून अहेरीले शिकायले जाणार आहे, नर्सचं. हॉस्टेलात राहीन. तिच्या दाखल्यावर तुही सही लागते, तो कागद वकिलाजवळ दिला आहे.

निकेशचा दाखला भेटला. मरण तुमच्या पाण्यात झालं हे तू कबूल केलं म्हणून तिकडं नोंद झाली. तेलुगूत आहे. इकडच्या कार्यालयात म्हणले, मराठी करून आणा. रोशनीनं केलं. माह्या समोर बसून तिनं एक एक शब्द लिहिला. त्याचं नाव, माहं नाव, त्याच्या बाबाचं नाव. मरणाचं कारण लिहितानी थांबली. विचारलं, पाण्यात बुडून लिहू का? मी म्हणली, तेलुगूत जे आहे ते लिही.

आता मंडळाचं सांगते, कारण ते आपल्या बापाचं होतं. ते संपलं. दोन्हीकडच्या साहेबायची पुलावर बैठक झाली, समन्वय समिती केली म्हणे. त्यात आपल्या ढिवरायचा, मासे धरणाऱ्यायचा एकही माणूस नाई. सहाही गावायनं आपापल्या सरकारले वेगवेगळे अर्ज केले. बेटाच्या दोन्ही बाजूले आता पिंपं तरंगत ठेवले आहेत, साखळीनं बांधून. इकडचे पिवळे, तिकडचे निळे. मधातली जागा कोणाचीच नाई, तिथी कोणी जात नाई.

पावसाळ्यात काय होईन ते मले आताच दिसते. पोटात अंडी असलेली मासोळी जाळ्यात येईन अन् कोणी सोडणार नाई. मागच्या साली आपल्या गावच्या म्हाताऱ्या इसरूनं एक सोडली होती. पोरं त्याले म्हणले, "तू सोडली, पलीकडचे धरतीन." तो म्हणला, "मग काय करू?" पलीकडंही असंच बोलत असतीन. बाबाले अन् पोचू काकाले जे दोघायले मिळून समजलं होतं, ते आता एकट्या एकट्याले सगळ्यायले समजते अन् करता कोणालेच येत नाई.

तू चिठ्ठीत माफी मागतली नाई. बरं केलं. मागतली असती तर मले काईतरी म्हणावं लागलं असतं अन् माह्याजवळ म्हणायले काई नाई. रात्र रात्र मी तुह्याशी भांडते. मग मले आठवते की तू मले पाण्यात हात धरून उभं राहायले शिकवलं, खालची रेती सरकते तवा पाय कसे रोवायचे ते सांगतलं, अन् मी अजून चिडते. तुले नुसतं वाईट समजता आलं असतं तर माहं सोपं झालं असतं.

पुढच्या महिन्यात मी येईन. पहाटेची बस, मग पूल, मग तिकडची बस. रोशनी म्हणते, ती फाटकापर्यंत येईन, आत येणार नाई. निकेशचे बाबा म्हणले, जा.

भेटीच्या चिठ्ठीवर कैद्याशी नातं काय ते लिहावं लागते, असं वकील सांगत होता. मी बहीण लिहीन. मेलेल्याची माय, असं लिहायले वेगळी जागा आहे का, ते तिथल्या माणसाले विचारीन.

गोकुळा